देव गप्प असताना प्रार्थना करत राहणे हे ढोंग आहे का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. धाकटा भाऊ दारूच्या आहारी गेला, सहा वर्षांपूर्वी घर सोडून निघून गेला, अधूनमधून त्याचा फोन येतो आणि मग महिनोन्महिने काहीच कळत नाही. त्याच्यासाठी तुम्ही ही सहाही वर्षे रोज प्रार्थना केली आहे. सुरुवातीला प्रार्थनेत रडू यायचे आणि मन हलके व्हायचे. आता शब्द छतापर्यंतही पोहोचत नाहीत असे वाटते. मंडळीतील एका वडीलधाऱ्यांनी तुमचा विश्वास कमी पडतो आहे असे सांगितले. आत काहीच हलत नसताना गुडघे टेकणे हे ढोंग नव्हे का, आणि आपण प्रार्थना करतो आहोत हे भावाला सांगत राहावे का, असे तुम्ही शेवटी विचारले आहे.

मी २७ वर्षे पाळकाचे काम करतो आहे आणि त्यातला बराच काळ आजारी माणसांच्या उशाशी व व्यसनाने पोळलेल्या कुटुंबांसोबत गेला आहे. त्यामुळे या प्रश्नाला एका वचनाचे उत्तर देऊन मोकळे होण्याची सवय मला राहिलेली नाही. उत्तर लांबेल, त्याबद्दल आधीच क्षमा मागतो.

‘देव गप्प आहे’ या तुमच्या एका वाक्यात मला तीन वेगवेगळ्या तक्रारी गुंतलेल्या दिसतात. मागितलेले घडत नाही, ही एक. देव जवळ असल्याची जाणीव उरलेली नाही, ही दुसरी. आणि या दोन्हींचे कारण माझ्यातच काही खोट आहे, ही तिसरी. पहिल्या दोन तक्रारी तुमच्या आहेत. तिसरी मात्र दुसऱ्याने तुमच्या हातात ठेवली आहे, आणि ती सोडवल्याशिवाय बाकीच्या दोहोंकडे नीट पाहताच येत नाही, म्हणून तिच्यापासूनच सुरुवात करतो.

विश्वास पुरेसा असता तर उत्तर मिळाले असते, हे गणित पवित्र शास्त्रात टिकत नाही. गेथशेमाने बागेत प्रभू येशूने दुःखाचा हा प्याला टळावा म्हणून प्रार्थना केली, आणि शुभवर्तमानकार मत्तय नोंदवतो की तिसऱ्या वेळीही शब्द तेच होते. प्याला टळला नाही. प्रेषित पौलाने शरीरातील काटा निघावा म्हणून तीन वेळा विनंती केली. काटा राहिला आणि मिळाली ती कृपा पुरेशी असल्याची ग्वाही. या दोघांच्या विश्वासाचे माप काढण्याचे धाडस त्या वडीलधाऱ्यांनी केले असते असे मला वाटत नाही. उलट मार्काच्या शुभवर्तमानाच्या ९ व्या अध्यायातील तो बाप आठवा, जो आजारी मुलाला घेऊन येतो आणि मी विश्वास धरतो, माझ्या अविश्वासाला हातभार लावा, असे ओरडून सांगतो. त्याला आधी विश्वास पुरा करून ये म्हणून कोणी परत पाठवत नाही.

सर्वस्व गमावलेल्या ईयोबाचे मित्र सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसून राहिले आणि एक शब्दही बोलले नाहीत. ईयोबाच्या सबंध पुस्तकात त्यांनी केलेले सर्वांत चांगले काम तेच. पुढे त्यांनी तोंड उघडले, दुःखाची कारणमीमांसा सुरू केली, आणि ४२ व्या अध्यायात देवाने त्यांच्यावरच राग व्यक्त केला. देवाशी वाद घालणाऱ्या, त्याला न्यायासाठी हाक मारणाऱ्या ईयोबाचे बोलणे मात्र योग्य ठरवले. दुखावलेल्या माणसाला सिद्धान्त ऐकवण्याचा मोह आम्हा पाळकांनाही सुटत नाही, म्हणून हा प्रसंग मी स्वतःसाठी दरवर्षी पुन्हा वाचतो. त्या वडीलधाऱ्यांशी वाद घालू नका. त्यांचे वाक्य तुमच्या प्रार्थनेत येऊन बसते आहे, तेवढे मात्र तेथून उठवा.

आता मागितलेले न घडण्याविषयी. येथे परिस्थितीनुसार फरक पडतो हे मला मान्य केले पाहिजे. नोकरी मिळावी म्हणून केलेली प्रार्थना आणि दुसऱ्या प्रौढ माणसाने बदलावे म्हणून केलेली प्रार्थना सारख्या नाहीत, कारण दुसरीत आणखी एका माणसाची इच्छा गुंतलेली असते. प्रार्थना ही त्याचे मन फिरवण्याची कळ असती तर ती प्रेमाची गोष्ट राहिली नसती. हे मी पुस्तकी वाक्य म्हणून लिहीत नाही. व्यसनी माणसाच्या घरच्यांना हे स्वीकारायला वर्षे लागतात, आणि तोवर प्रत्येक नव्या घसरणीचा दोष ते आपल्या प्रार्थनेला देत राहतात.

या बाबतीत मला मोनिका नेहमी आठवते. तिचा मुलगा ऑगस्टीन (पुढे प्रसिद्ध झालेला धर्मपंडित) विश्वासापासून दूर गेला होता आणि ती त्याच्यासाठी वर्षानुवर्षे रडून प्रार्थना करत होती. इ. स. ३८३ मध्ये त्याने कार्थेज सोडून रोमला जायचे ठरवले, तेव्हा त्याने जाऊ नये म्हणून ती बंदरापर्यंत त्याच्या मागे गेली. एका मित्राला निरोप द्यायचा आहे अशी थाप मारून त्याने तिला संत सिप्रियनच्या स्मरणार्थ असलेल्या जवळच्या प्रार्थनास्थळी रात्र काढायला लावली आणि ती प्रार्थना करत असतानाच तो जहाजात बसून निघून गेला. सकाळी किनाऱ्यावर जहाज नव्हते. त्या रात्री तिने जे मागितले होते, त्याच्या नेमके उलट घडले होते. पुढे रोमहून तो मिलानला गेला, तेथे बिशप अँब्रोझ यांचे प्रवचन ऐकू लागला, आणि ३८७ च्या ईस्टरला त्यांच्याच हातून त्याचा बाप्तिस्मा झाला. ऑगस्टीनने नंतर आत्मकथनात या रात्रीचा अर्थ असा लावला आहे की आईने तेव्हा जे मागितले ते देवाने नाकारले, कारण ती नेहमीच जे मागत आली होती ते त्याला द्यायचे होते.

ही कथा मी लोकांना सांगतो तेव्हा लगेच एक सावधगिरीही जोडतो. ऑगस्टीनला हा अर्थ बऱ्याच वर्षांनंतर, मागे वळून पाहताना सापडला. त्या सकाळी किनाऱ्यावर उभ्या असलेल्या मोनिकेजवळ तो नव्हता, आणि तिला कोणी तेथेच तो ऐकवला असता तर ते क्रौर्य झाले असते. शिवाय प्रत्येक मोनिकेला तिचा मुलगा परत मिळतो असेही मी सांगणार नाही. मी अशा घरांतून अंत्यविधी केले आहेत जेथे प्रार्थना तुमच्याइतक्याच चिकाटीने झाली होती. या कथेतून मी इतकेच घेतो की आजच्या नकाराचा अर्थ आज लावण्याची सक्ती आपल्यावर नाही. देवाने वचन दिलेल्या मुलाची वाट पाहणाऱ्या अब्राहामाच्या बाबतीत तर उत्पत्तीच्या पुस्तकात १६ व्या अध्यायाच्या शेवटी त्याचे वय ८६ वर्षांचे आहे आणि पुढच्याच वचनात ते ९९ वर्षांचे होते. मधल्या १३ वर्षांत देव त्याच्याशी काही बोलल्याची एकही ओळ नाही. वाचताना आपण ती रिकामी जागा एका श्वासात ओलांडतो. जगताना ती १३ वर्षांची होती.

न्यायाधीशाकडे खेटे घालणाऱ्या विधवेचा दाखला तुम्हाला कोणीतरी दिला असेलच. लूकाच्या शुभवर्तमानाच्या १८ व्या अध्यायातील येशूचा हा दाखला बहुतेक वेळा उलटा सांगितला जातो, म्हणजे देवाला इतके सतवा की तो कंटाळून देईल. पण तो न्यायाधीश देवाचे चित्र म्हणून उभा केलेला नाही. ज्याला देवाचे भय नाही आणि माणसाची पर्वा नाही असा माणूसही शेवटी ऐकतो, तर ज्याला आपल्या लोकांची कळकळ आहे तो किती अधिक ऐकेल, असा तो युक्तिवाद आहे. आणि दाखल्याचा शेवट प्रश्नाने होतो: मनुष्याचा पुत्र येईल तेव्हा त्याला पृथ्वीवर विश्वास आढळेल काय? खेटे घालत राहणे हाच तेथे विश्वास मानला आहे. त्या विधवेला रस्त्याने जाताना कसे वाटत होते, याची चौकशी दाखल्यात कोठेही नाही.

यावरून तुमच्या दुसऱ्या तक्रारीकडे येतो, म्हणजे आतल्या कोरडेपणाकडे. येथे मी थोडा रेंगाळणार आहे, कारण माझ्याकडे येणाऱ्यांपैकी बहुतेकांची खरी वेदना ही असते आणि ती बोलायची लाज वाटते म्हणून ते पहिल्या तक्रारीआड लपवतात.

कोरडेपणा कशाचा आहे हे आधी पाहावे लागते. तुम्हाला झोप लागते का, भूक आहे का, पूर्वी आवडणाऱ्या गोष्टींत रस आहे का, आपण निरुपयोगी आहोत असे सतत वाटते का? हे सगळे दोन आठवड्यांहून अधिक काळ, जवळजवळ रोज बिघडलेले असेल, किंवा जगणे नकोसे वाटत असेल, तर माझ्या उत्तराची वाट न पाहता डॉक्टरांकडे जा. नैराश्याचा आजार प्रार्थनेलाही मुकी करतो आणि त्याला औषध व उपचार आहेत. एलिया संदेष्टा झुडपाखाली आडवा पडून मरण मागत होता, तेव्हा देवदूताने त्याला उपदेश केला नाही. उठवून खाऊ घातले, पुन्हा झोपू दिले, पुन्हा उठवून खाऊ घातले. देवाची ती मंद, शांत वाणी त्याला ऐकू आली ती त्यानंतर ४० दिवसांच्या वाटचालीच्या शेवटी.

शरीर-मन बऱ्यापैकी ठीक असूनही प्रार्थना कोरडी असेल, तर क्रुसाचे संत योहान यांची कसोटी मला उपयोगी पडली आहे. १६ व्या शतकातील हे स्पॅनिश संन्यासी १५७७ च्या डिसेंबरात आपल्याच संघातील विरोधकांच्या हाती सापडले आणि टोलेडोच्या एका अंधाऱ्या कोठडीत सुमारे नऊ महिने बंद होते, तेव्हा काळोखाविषयी ते ऐकीव बोलत नव्हते. त्यांनी तीन खुणा दिल्या. देवाच्या गोष्टींत गोडी वाटत नाही, पण इतर कशातही ती सापडत नाही. आपण देवाची सेवा नीट करत नाही, मागे पडतो आहोत, याची टोचणी सतत राहते. आणि पूर्वीसारखे मनन, कल्पना, विचार प्रयत्न करूनही जमत नाहीत. ज्याचा विश्वास खरोखर कोमट झाला आहे त्याला दुसरी खूण नसते. त्याला काळजीच वाटत नाही. तुमच्या पत्रात ती काळजी ओळीओळीत आहे.

माझा स्वतःचा असा काळ वडिलांच्या निधनानंतर आला आणि सुमारे ११ महिने टिकला. दर रविवारी मी उपासना चालवत होतो. छापील प्रार्थना वाचताना ओळ चुकू नये म्हणून मला ओळीखाली बोट सरकवावे लागे, कारण डोळे वाचत होते आणि अर्थ कोठेच पोहोचत नव्हता. मी हे कोणाला सांगितले नाही. ओळखणारे एक वृद्ध सहकारी निघाले. त्यांनी विचारपूस केली नाही. ते दर गुरुवारी संध्याकाळी येत, एक स्तोत्र मोठ्याने वाचत आणि निघून जात. पहिल्या गुरुवारी त्यांनी ८८ वे स्तोत्र वाचले. बहुतेक विलापस्तोत्रे शेवटी आशेकडे वळतात, हे एक वळतच नाही. ते अंधारात संपते. त्यांनी पुस्तक मिटले, चहाही न घेता गेले, आणि मला बऱ्याच महिन्यांत प्रथमच वाटले की मी आहे ती जागा पवित्र शास्त्राच्या नकाशावर आहे.

म्हणून तुमच्या ‘ढोंग’ या शब्दाबद्दल माझे मत स्पष्ट आहे. नसलेली भावना असल्याचे दाखवणे हे ढोंग. भावना नसताना हजर राहणे आणि ती नाही असे देवाला सांगणे, हे ढोंगाच्या नेमके विरुद्ध आहे. मदर तेरेसा यांची खासगी पत्रे त्यांच्या मृत्यूनंतर दहा वर्षांनी, २००७ मध्ये प्रसिद्ध झाली, तेव्हा जवळजवळ ५० वर्षे, मधला थोडा काळ सोडता, त्यांना देवाच्या सान्निध्याची जाणीव नव्हती हे जगाला कळले. काही जणांनी याला दांभिकता म्हटले. मला ते पटले नाही, कारण आपल्या मार्गदर्शकांपासून त्यांनी हे लपवलेले नव्हते आणि पहाटेची प्रार्थना सोडलेली नव्हती. जाणीव ही देवाची देणगी आहे. हजेरी आपल्या हातात आहे.

आता प्रत्यक्षात काय करावे, हे मी माझ्या अनुभवावरून सांगतो. तुमच्या दिनक्रमाप्रमाणे त्यात फेरफार करावा लागेल.

वेळ लहान करा, पण ठरलेली ठेवा. दहा मिनिटे पुरेत. येशूसंघाचे (जेझुइटांचे) संस्थापक इग्नेशियस लोयोला यांनी साधनेसाठी लिहून ठेवलेल्या नियमांत दोन गोष्टी मला फार व्यवहारी वाटतात. उदास काळात पूर्वी केलेला निश्चय बदलू नये, ही एक. आणि प्रार्थना लवकर आटपावीशी वाटेल तेव्हा ठरलेल्या वेळेपेक्षा किंचित जास्त थांबावे, ही दुसरी. याचा अर्थ प्रार्थना थांबवायची की नाही हा निर्णय तुम्ही आजच्या मनःस्थितीत घेऊ नये. नंतर, मन ठिकाणावर असताना, त्याचा विचार जरूर करा.

स्वतःचे शब्द आटले असतील तर उसने घ्या. १५० स्तोत्रांपैकी जवळजवळ एक तृतीयांश विलापाची आहेत, आणि रोज पाच या हिशेबाने सगळी स्तोत्रे ३० दिवसांत वाचून होतात. इतके एकदम झेपत नसेल तर रोज एकच घ्या. १३ वे स्तोत्र अवघ्या सहा वचनांचे आहे आणि त्याच्या पहिल्या दोन वचनांत ‘कोठवर’ हा प्रश्न चार वेळा येतो. तो प्रश्न मोठ्याने विचारा. प्रभूने क्रुसावर स्वतःचे शब्द शोधले नाहीत, २२ व्या स्तोत्राची पहिली ओळ उच्चारली.

आणि वही ठेवत असाल तर माझी चूक करू नका. माझ्या वहीत पानाच्या मधोमध उभी रेघ होती. डावीकडे तारीख व विनंती, उजवीकडे उत्तर व त्याची तारीख. काही वर्षांत उजवी बाजू इतकी पांढरी दिसू लागली की वही उघडायलाच नको वाटे. ती प्रार्थनेची वही राहिली नव्हती, थकबाकीची वही झाली होती. मग मी उजवीकडे उत्तर लिहिणे सोडले आणि त्या दिवशी जे खरे होते ते लिहू लागलो: आज रागावलो, आज दोन मिनिटांत उठलो, आज काहीच नाही. पुढे एकदा एका आजारी गृहस्थांची पाने सलग वाचली. पहिल्या पानावर ‘बरे कर’ एवढेच होते. दोन महिन्यांनी ‘त्यांच्या पत्नीला आज रात्री झोप लागू दे’. त्यानंतर ‘मुलाशी अबोला सुटू दे’. शेवटच्या पानावर फक्त त्यांचे नाव. ते गृहस्थ वाचले नाहीत, आणि ही पाने त्याची भरपाई आहेत असे मी म्हणणार नाही. पण त्या महिन्यांत मी त्या घराकडे अधिक बारकाईने पाहायला शिकलो होतो, आणि ते माझ्या स्वभावात मुळात नव्हते.

मूल व्हावे म्हणून मंदिरात रडून प्रार्थना करणाऱ्या हन्नेची गोष्ट याच कारणासाठी पुन्हा वाचून पाहा. तिचे ओठ हलत होते, आवाज ऐकू येत नव्हता, आणि एली याजकाला ती प्यायलेली वाटली. (याजकांचे अंदाज चुकण्याची परंपरा बरीच जुनी आहे.) तेथून उठून ती गेली, जेवली आणि तिचा चेहरा पुन्हा उतरला नाही. तोवर मूल झाले नव्हते, दिवसही गेले नव्हते. तिच्या पदरात पडले होते ते इतकेच, की मनातले सगळे ओतून झाले होते आणि एलीने गैरसमज दूर झाल्यावर तिला शांतीने जा असे म्हटले होते.

एक गोष्ट प्रार्थनेइतकीच महत्त्वाची आहे. भावाला पैसे पुरवणे, त्याच्या थापा इतरांपासून झाकणे, घरात शिवीगाळ किंवा मारहाण झाली तर ती सोसणे, यांना प्रार्थनेतील चिकाटी म्हणत नाहीत. मद्यपींच्या नातेवाइकांसाठी १९५१ पासून चालत आलेले अल-अ‍ॅनॉनचे गट आहेत. तेथे तुम्हाला कोणी विश्वासाचे माप विचारणार नाही, आणि सहा वर्षे हे ओझे वाहिलेल्या माणसांत बसणे किती हलके वाटते हे तेथे गेल्यावरच कळेल. भाऊ कधी परत आला आणि दारू सोडतो म्हणाला, तर ती घरच्या घरी एकदम बंद करू नका; बरीच वर्षे भरपूर पिणाऱ्याला अचानक थांबल्यास झटके येऊ शकतात, म्हणून ते डॉक्टरांच्या देखरेखीखालीच व्हावे.

राहिला तुमचा शेवटचा प्रश्न, त्याला सांगत राहावे का. मोनिकेने एका बिशपांना गळ घातली होती की तुम्ही माझ्या मुलाशी बोला, त्याच्या चुका दाखवा. त्यांनी नकार दिला. तो अजून ऐकण्याच्या मनःस्थितीत नाही, त्याला असू दे, तू फक्त त्याच्यासाठी प्रार्थना कर, असे ते म्हणाले. मला हा सल्ला तुमच्यासाठी योग्य वाटतो. ‘मी तुझ्यासाठी रोज प्रार्थना करते’ हे वाक्य त्याने एकदा ऐकले आहे. सहा वर्षांनंतर त्याच्या कानाला ते तगाद्यासारखे लागत असेल. पुढच्या वेळी फोन आला की कोठे झोपतोस, जेवलास का, ते विचारा, घरातल्या चार साध्या गोष्टी सांगा, आणि त्याला आधी फोन ठेवू द्या. प्रार्थनेचे त्याने विचारले तरच सांगा, आणि तेव्हा ती अलीकडे जड जाते आहे हेही लपवू नका.